लोर्नाचा आवाज घाट चढून आला

बेळगावच्या कॅम्पात किंवा खानापूर तालुक्यात कोकणी ख्रिस्ती घरातले लग्न असले, की रात्री नाच सुरू होतो आणि बँड कधी ना कधी कोकणी गाण्यांकडे वळतो. त्यात लोर्ना कोर्देरो यांचे एखादे गाणे हमखास असते. नवरा-नवरीच्या जन्माआधीचे ते गाणे, पण पहिली सुरावट ऐकताच आजीपासून नातवापर्यंत सगळे उठून उभे राहतात. गाणे सर्वांना पाठ असते. ते गाणारी बाई कोण, तिच्यामागे वाजणारा तो भरगच्च वाद्यमेळ कुठून आला आणि ऐन भरात असताना ती वीस वर्षांहून अधिक काळ गप्प का राहिली, हे मात्र घाटावरच्या नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. ते ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते, कारण लोर्ना यांच्या कारकिर्दीत बँडबरोबर गाणाऱ्या गायकाचे सगळे भाग्य आणि सगळे दुर्दैव एकत्र दिसते.

आधी तो वाद्यमेळ समजून घेऊ. निपाणीच्या पेठेतून वरात निघते तेव्हा पुढे चालणाऱ्या बँडवाल्यांच्या हातातली ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन ही वाद्ये त्याच कुळातली. बेळगावात तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने लष्करी बँडचा आवाज शहराच्या ओळखीचा. अमेरिकेत १९२० नंतर हीच वाद्ये नाचघरात आली आणि त्यांची मांडणी बदलली. पुढच्या रांगेत पाचेक सॅक्सोफोन, मागे तीन-चार ट्रॉम्बोन आणि तितकेच ट्रंपेट, बाजूला पियानो, गिटार, डबल बास आणि ड्रम. पंधरा-सोळा माणसांचा हा ताफा म्हणजे बिग बँड. इतक्या जणांनी मनाला येईल तसे वाजवले तर नुसता गोंगाट होईल. म्हणून प्रत्येकाचे सूर कागदावर लिहून देणारा अरेंजर हा या संगीताचा खरा कारागीर. गायकाची पट्टीही तोच ठरवतो आणि त्या आवाजाला जागा राहील अशा बेताने वाद्ये चढवतो, उतरवतो.

गाणीही एका ठरावीक घडणीची असत. चार मात्रांचा एक खंड, असे बत्तीस खंड, आणि त्यांचे आठ-आठचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचे, तिसरा वेगळा. भावगीतात अंतरा जे काम करतो, साधारण तेच काम हा तिसरा तुकडा करतो. त्यामुळे परत येणारी मूळ चाल अधिक गोड लागते. कोल पोर्टर, आयर्विंग बर्लिन, गर्शविन बंधू यांनी नाटकां-चित्रपटांसाठी या घडणीची शेकडो गाणी रचली. तीच पुढे जगभरच्या हॉटेलांत गायली गेली.

गायकाचे स्थान त्यात फार वरचे नव्हते. नाचायला आलेल्या लोकांना ठेका हवा असे. गायक बाजूच्या खुर्चीवर बसून राही, आपला भाग आला की उठून माइकपुढे येई, एक आवर्तन गाई आणि परत बसे. तबकडीवर तीन मिनिटांच्या गाण्यात त्याच्या वाट्याला कधी एकच मिनिट येई. पगार आठवड्याचा, नाव बँडच्या मालकाचे.

हे स्थान बदलायला एक यंत्र कारण झाले. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणाऱ्या मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्याआधी मोठ्या सभागृहात शेवटच्या माणसापर्यंत पोचायचे, तर गळ्यातच तेवढी ताकद लागे. आमच्या संगीत नाटकाच्या नटांनी याच ताकदीवर रात्र-रात्र गाजवली. माइक आला आणि कानाशी बोलावे तसे हळू गाता येऊ लागले. शब्दातला श्वास, ओळीच्या शेवटी आवाज विरत जाणे, सगळे ऐकू येऊ लागले. बिंग क्रॉस्बी यांनी या गाण्याची वाट पाडली, फ्रँक सिनात्रा यांनी तिचा हमरस्ता केला. अशा गाणाऱ्यांना ‘क्रूनर’ म्हणत. मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत हा शब्द इतका रुळला की बँडबरोबर गाणारी कोणतीही व्यक्ती क्रूनर ठरली.

तरी पैसा आणि हक्क बँडमालकाकडेच राहिले. सिनात्रा १९४० मध्ये टॉमी डॉर्सी यांच्या बँडमध्ये आले. बाहेर पडायची वेळ आली तेव्हा त्यांना आपल्या पुढच्या कमाईतला मोठा वाटा डॉर्सी यांना लिहून द्यावा लागला, आणि त्या करारातून सुटायला बरीच खटपट करावी लागली. एला फिट्झजेराल्ड यांची गोष्ट वेगळी. चिक वेब यांच्या बँडने त्यांना पुढे आणले, १९३९ मध्ये वेब वारले आणि विशीतल्या त्या मुलीच्या नावाने तोच बँड चालू राहिला. गायिका बँडची धनीण झाल्याची अशी उदाहरणे मोजकी. मग ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तो दोन वर्षांहून अधिक चालला. गायक त्या संघटनेत नव्हते, ते गात राहिले. बँड परतले तोवर लोकांना गायकांची नावे पाठ झाली होती. युद्धानंतर नाचघरांवरचा कर, प्रवासाचा खर्च आणि पंधरा-सोळा जणांचे पगार यांनी मोठे बँड मोडीत निघाले. गायक उरले.

बेळगावच्या वाचकाला यातली पहिली अर्धी गोष्ट आपल्या घरची वाटेल. संगीत नाटकाला घडवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, १८४३ चा त्यांचा जन्म. १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ उभे राहिले आणि नाटक कंपनी नावाची व्यवस्था घट्ट झाली. गाणारा नट कितीही लोकप्रिय असला, तरी पडदे, पेहराव, वादक, गाडीभाडे आणि बिऱ्हाड कंपनीचे. कंपनी फुटली की गळा शाबूत असूनही नट उघडा पडे. पुढे गायक नटांनी स्वतःच्या कंपन्या काढल्या त्या याचसाठी. कोकणी तियात्रही याच सुमारास मुंबईत जन्मले. लुकासिन्य रिबेरो यांनी १८९२ मध्ये पहिले तियात्र केले, आणि त्यामागे एका इटालियन ऑपेरा कंपनीबरोबरचा त्यांचा अनुभव होता. घाटावरचे नाटक आणि घाटाखालचे तियात्र यांची भावंडासारखी ओळख आपण करून घेतलेली नाही, याची मला खंत वाटते.

आता गोव्याचा वादक मुंबईत कसा पोचला ते पाहू, कारण त्याची वाट बेळगाववरून जात होती. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. शेतीवर भागत नसे. हातात कला, कागदावरचे सूर वाचायची सवय आणि समोर इंग्रजी राज्यातली शहरे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे आली आणि पुढे लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे अशी मीटरगेजची वाट जोडली गेली. ज्यांनी बोट धरली नाही ते या गाडीने गेले. कॅसलरॉकला जकातीची तपासणी, लोंढ्याला गाडीबदल, खांद्याला व्हायोलिनची पेटी. मुंबईत धोबीतलावच्या भागात गावागावांच्या ‘कूड’ होत्या. गावच्या माणसाने तिथे पेटी ठेवावी, पाठ टेकावी आणि काम शोधायला निघावे.

हे वादक रियासतींच्या बँडांत, मूकपटांच्या थिएटरांत आणि पुढे मोठ्या हॉटेलांत गेले. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले आणि गोव्याच्या पोरांना जाझ समोर बसून ऐकायला मिळाले. पाठोपाठ आलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड तर इथेच रमले, १९४५ मध्ये कलकत्त्यात वारले. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून दोन दशकांहून अधिक काळ ताजमध्ये वाजला. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेटचे बादशहा झाले.

मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हॉटेलांची रात्रीची कमाई आटली, बँड लहान झाले. वादक निघाले हिंदी चित्रपटाच्या स्टुडिओंकडे. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’त १९५१ मध्ये चिक चॉकलेट यांचा बँड थेट पडद्यावर दिसतो. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना वाद्यमेळाचा पोशाख चढवला. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांच्यासारखे शिष्य घडवले. ‘अलबेला’ म्हणजे एक मराठी संगीतकार, एक गोव्याचा ट्रंपेटवाला आणि भगवानदादांचा नाच, असा संगम. बिग बँड आपल्या घराघरांत पोचला तो या वाटेने, आणि तो वाजवणाऱ्यांची नावे पडद्यावर क्वचितच आली.

साठच्या दशकात दारूबंदी हळूहळू सैल झाली आणि चर्चगेटच्या परिसरातल्या उपाहारगृहांत पुन्हा बँड वाजू लागले. याच काळात ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची जोडी पुढे आली.

ख्रिस पेरी मडगावच्या बोर्ड्याचे, जन्म १९२८. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवत, गाणी लिहीत, चाली बांधत, वाद्यमेळ रचत. शिस्तीला कडक. लोर्ना मुंबईत वाढलेल्या, १९४६ चा जन्म. विशी गाठण्याआधीच त्या पेरी यांच्या बँडपुढे उभ्या राहिल्या. सुरुवातीचा साठा इंग्रजी गाण्यांचाच होता, वर सांगितलेल्या बत्तीस खंडांच्या घडणीचा. मुंबईत अस्टोरिया हॉटेलमधले ‘व्हेनिस’, कलकत्त्यात ‘फिर्पोज’ अशा नामांकित ठिकाणी त्यांनी गायले. आवाज कसा? खाली जाडसर, वर चढताना धारदार, आणि शब्द फेकण्यात कमालीची बेफिकिरी. पितळी वाद्ये पूर्ण ताकदीने वाजत असतानाही तो त्यांच्यावर तरंगत राहतो. माइकमुळे हळू गाता येऊ लागले होते खरे, पण लोर्ना यांच्या गळ्यात जुन्या रंगभूमीची ताकदही होती. हळू कुठे आणि खणखणीत कुठे, याची जाण त्यांना इतक्या लहान वयात कशी आली याचे मला आजही नवल वाटते.

तशा गुणी गायिका तेव्हा आणखीही होत्या. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर पॅम क्रेन यांचे नाव मोठे होते आणि जाणकारांत त्यांना फार मान होता. तरी आज त्यांचे गाणे कोणत्या लग्नात वाजते? लोर्ना यांचे वाजते, आणि कारण एकच. ख्रिस पेरी यांनी तोच बिग बँड, तोच स्विंग, तोच चाचाचा ठेका घेतला आणि त्यावर कोकणी शब्द ठेवले.

हा निर्णय दिसतो तेवढा सोपा नव्हता. कोकणीत मांडो होता, दुल्पद होते, तियात्रातले कांतार होते. कांतारला मागे छोटी साथ पुरे. संपूर्ण बँडचा भार पेलेल असे कोकणी गाणे करायचे, तर शब्दांचे वजन ठेक्यावर नेमके बसायला हवे. पेरी यांनी विषयही अस्सल गावातले निवडले. ‘बेब्दो’मध्ये गावचा दारुडा आहे, ‘पिस्सो’मध्ये वेडा. ‘लिस्बोआ’मध्ये लिस्बनला निघालेल्या माणसाचा निरोप आहे, आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर ज्या घरांतली माणसे पोर्तुगालला गेली त्यांना तो फार जवळचा वाटला. ‘नाचूंया कुंपसार’ सुरू झाले की नाचणाऱ्याला खुर्ची सोडावीच लागते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून या गाण्यांच्या एचएमव्हीच्या छोट्या तबकड्या निघाल्या आणि गोवेकर जिथे जिथे होते तिथे पोचल्या. मुंबईच्या कुडीत, आखातात, पूर्व आफ्रिकेत. आणि घाट चढून आपल्याकडेही.

आपल्याकडे त्या रुजल्या याचे नवल नाही. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ मध्ये स्वतंत्र झाला, तोवर इथल्या चर्चचा कारभार गोव्याकडे होता. १९५५ मध्ये भारताने गोव्याची रेल्वे तोडली, नाकेबंदी केली, तेव्हा मुक्तिलढ्याची कितीतरी कामे बेळगावातून चालली. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचे भूमिगत नभोवाणी केंद्र आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या जंगलातून डिसेंबर १९६१ पर्यंत बोलत राहिले. अशा प्रदेशात कोकणी गाणे परके ठरत नाही. दुकानात मराठी, कचेरीत कन्नड, प्रार्थनेत कोकणी आणि शाळेत इंग्रजी, हा इथल्या अनेक घरांचा रोजचा दिवस आहे. बाहेरच्या ठेक्यावर घरची भाषा ठेवण्याचे मोल या लोकांना समजावून सांगावे लागत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही जोडी तुटली. दोघांच्या खाजगी नात्याबद्दल पुष्कळ बोलले गेले आहे, त्यात मला शिरायचे नाही. मला दिसते ती व्यवस्था. बँड पेरी यांचा. गाणी पेरी यांची. लोर्ना यांच्या पट्टीत लिहिलेले वाद्यमेळाचे कागदही त्यांचेच. गायिकेकडे होता फक्त गळा, आणि तो गळा ज्या गाण्यांसाठी ओळखला जाई ती उभी करायला पंधरा माणसे आणि ते कागद लागत. सिनात्रा बाहेर पडले तेव्हा त्यांच्यामागे नभोवाणी, चित्रपट आणि बड्या तबकडी कंपन्या उभ्या होत्या. मुंबईतल्या कोकणी गायिकेमागे यातले काय होते? त्यातच डिस्को आणि चार जणांचे गिटारवाले बँड आले, उपाहारगृहांना मोठा ताफा परवडेना. ख्रिस पेरी पुढे दुबईला गेले आणि तिथे संगीत शिकवू लागले. लोर्ना यांनी गाणे थांबवले. ज्या वयात गायिकेचा आवाज पिकतो, ती तिशी आणि चाळिशी त्यांनी मंचापासून दूर काढली. कोकणी संगीताचे हे नुकसान कशानेही भरून येणारे नाही.

१९९५ मध्ये संगीतकार रॉनी मोन्सेरात यांनी त्यांना पुन्हा माइकपुढे आणले. ‘हॅलो लोर्ना’ या नावाने ध्वनिफीत निघाली, गोव्यात कार्यक्रम झाला आणि लोक लोटले. आवाजाला वयाचा खरखरीतपणा आला होता, फेक तीच होती. ज्या तरुणांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते ते प्रत्येक शब्द सोबत म्हणत होते, कारण मधली सगळी वर्षे ही गाणी लग्नांत, फेस्तांत आणि घरच्या कॅसेटवर चालूच राहिली होती. ख्रिस पेरी २५ जानेवारी २००२ रोजी वारले.

२०१४ मध्ये बार्द्रॉय बार्रेटो यांनी ‘नाचूंया कुंपसार’ हा चित्रपट केला. या जोडीच्या आयुष्याच्या धाग्यावर बेतलेली ती एक प्रेमकथा आहे. पेरी यांची वीसेक जुनी गाणी त्यासाठी नव्याने वाजवली गेली. विजय मौर्य बँडप्रमुखाच्या भूमिकेत आहेत. पालोमी घोष या कोकणी मातृभाषा नसलेल्या अभिनेत्रीने गायिका साकारली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा आणि निर्मिती-संकल्पनेचा पुरस्कारही त्याला मिळाला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा, आणि गाण्यांच्या वेळी गायिकेइतकेच मागच्या रांगेतल्या वादकांकडेही लक्ष द्यावे.

माझे मत स्पष्ट आहे. भारतात बिग बँडबरोबर गायलेल्यांत लोर्ना कोर्देरो यांच्याइतके दीर्घ आयुष्य दुसऱ्या कोणत्याही आवाजाला मिळाले नाही, आणि ते त्यांना कोकणीने दिले. इंग्रजी गाणी त्यांनी तितकीच उत्तम गायली असतील, पण हॉटेले बंद झाली तेव्हा ती गाणी ऐकणारी घरे उरली नाहीत. कोकणी गाण्यांना मात्र घरे होती.

त्या घरांतली काही आपल्या बेळगावात, खानापुरात, निपाणीतही आहेत. माळ्यावर जुन्या ट्रंकेत एचएमव्हीच्या छोट्या तबकड्या, कॅसेटी, बँडच्या कार्यक्रमांची पत्रके किंवा हाताने लिहिलेले सुरांचे कागद सापडले, तर ते रद्दीत घालू नका. तबकड्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, उन्हापासून दूर ठेवा. घरात किंवा ओळखीत कोणी अशा बँडमध्ये वाजवलेले वृद्ध असतील, तर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्याबरोबर कोण कोण वाजवत होते त्यांची नावे विचारून लिहून घ्या. तबकडीच्या वेष्टनावर त्यांतली बहुतेक नावे छापलेली नाहीत.